नैराश्य आणि एकटेपणा या एकाच गोष्टी नव्हेत

नैराश्य आणि एकाकीपणा रंगवणाऱ्या कादंबऱ्या वाचकाला केवळ खचवतात, हे नेहमी ऐकू येणारे मत मला पटत नाही, कारण त्यात दोन वेगळ्या अनुभवांची गल्लत झाली आहे. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) ही कादंबरी घ्या. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या वसतिगृहात मित्रांच्या गराड्यात असतो, तरीही एकटा असतो. धाकटी बहीण मनी देवी रोगाच्या साथीत दगावते, तेव्हा मात्र त्या एकटेपणाचे रूपच पालटते. तोवर जगण्याची खिल्ली उडवणारी भाषा त्या मृत्यूपाशी अक्षरशः फुटते, आणि वाचकाला हलवून सोडते ती भाषेची ही मोडतोड, दुःखाचे वर्णन नव्हे.

आम्हा गोवेकरांना तर हा विषय दाराशीच भेटतो. दामोदर मावजो यांच्या 'कार्मेलीन' (१९८१) या कोंकणी कादंबरीची नायिका मुलीला मागे ठेवून कुवेतला घरकामाला जाते. तिचे एकटेपण पैशांच्या नडीतून आणि परक्या घरातल्या असहायतेतून आलेले आहे, अस्तित्वाविषयीच्या प्रश्नांतून नव्हे. दक्षिण गोव्यातल्या आमच्या सासष्टी तालुक्यात आजही माणसे परदेशी गेल्यामुळे कुलूप लागलेली, बल्कांवांवर, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यांवर, पाचोळा साचलेली घरे दिसतात, म्हणून ही व्यथा मला कोणत्याही तत्त्वचिंतनाइतकीच खोल वाटते. मराठी समीक्षेने एकाकीपणाची चर्चा बहुतांशी शिकलेल्या, शहरी तरुणाभोवतीच फिरवत ठेवली, हे मला मनापासून खटकते. घर चालवण्यासाठी घरापासून तुटलेल्या बाईचा एकांत त्या चर्चेत क्वचितच येतो.