मदत हवी आहे: बरणीच्या कंदिलाचं विणलेलं कव्हर घसरतंय, उजेडही अडतोय

विणकरीण_ठाणे

नमस्कार मंडळी, विणकाम करणाऱ्यांचा सल्ला हवा आहे, आणि जरा लवकर हवा आहे.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून काचेच्या बरण्यांचे छोटे कंदील द्यायचे ठरवलेत. आत दिवा आणि बाहेरून लोकरीचं विणलेलं कव्हर. लोणच्याच्या, मधाच्या, कॉफीच्या रिकाम्या बरण्या आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीतल्या बायकांनीच साठवून दिल्यात. दरवर्षी त्याच प्लास्टिकच्या डब्या आणि वाट्या या घरातून त्या घरात फिरतात. या वेळी हाताने केलेलं आणि पुढच्या थंडीतही आवर्जून बाहेर काढावं असं काहीतरी द्यावं, असं फार मनात आहे. ठाण्यात थंडी बेताचीच, पण जानेवारीत संध्याकाळी गॅलरीत बसायला छान वाटतं, तेव्हा शेजारी ठेवायला.

आता अडचणी. बरणी अर्धा किलो लोणच्याची, सरळ अंगाची. मधला घेर 27 सेंमी, तळापासून खांद्यापर्यंत उंची 10 सेंमी, गळ्याचा घेर 21 सेंमी. सुया 10 नंबरच्या, लोकर चार पदरी, वेष्टनावर 100 टक्के ॲक्रिलिक लिहिलंय. एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक सुई उलट अशा साध्या विणीत माझ्या हाताने 10 सेंमीला 24 टाके बसतात. त्या हिशेबाने 64 टाके घालून पट्टी विणली आणि बाजू शिवली. चढवल्यावर दिसतं नेमकं, पण बरणी उचलली की कव्हर हातात राहतं आणि बरणी खालून निसटायला बघते. शिवाय खालचा-वरचा काठ गुंडाळला जातो. पाण्याचा हात लावून सरळ केला तरी थोड्या वेळाने परत वळतो.

दुसरं, उजेड. संक्रांत म्हणून काळी लोकर घेतली. त्यावर हलव्यासारखे पांढरे दाणे हवेत. पण भरीव काळ्या विणीतून उजेड येतच नाही, सगळा वरच्या तोंडातून छताकडे जातो. काळा रंग सोडून द्यावा लागेल का?

तिसरं, आत मेणाचा टीलाइट ठेवला तर चालेल ना? मध्ये काच आहे, ज्योत लोकरीला लागत नाही. आणि काही जणी नक्कीच त्यात तेलाची पणती ठेवतील.

गोल सुया माझ्याकडे नाहीत, दोन सुयांवर जमेल असंच सांगा. वीसेक बरण्या करायच्या आहेत.

धागातपासणी

ताई, बाकीचं नंतर, आधी तिसऱ्या प्रश्नाचं: नको. पणती नको आणि टीलाइटही नको. रात्री सविस्तर लिहिते.

टाकेमोज

बरणीच्या घेराएवढे टाके घातले की कव्हर नुसतं टेकून राहतं. विणलेलं कापड धरून बसायला ते थोडं ताणलेलं असावं लागतं. काचेवर तर जास्तच, कारण तिला स्वतःची काही पकड नाही. घेरातून दहावा हिस्सा कमी करायचा. 27 मधून 2.7 गेले, राहिले 24.3. त्याला सेंटिमीटरमागे 2.4 ने गुणलं की 58.

58 आणखी एका कारणाने सोयीचे आहेत. खालचा काठ दोन सुलट, दोन उलट असा विणा. 58 टाक्यांत सुई दोन सुलटने सुरू होते आणि दोन सुलटनेच संपते. शिवताना दोन्ही बाजूंचा एकेक टाका आत घेतलात की बाहेर एक अधिक एक असे दोन सुलट उरतात. पट्ट्यांचा क्रम कुठेही मोडत नाही, शिवण शोधावी लागते.

काठ वळण्याचा प्रश्नही त्यानेच सुटेल. साध्या विणीत एका बाजूला सगळे सुलट आणि दुसऱ्या बाजूला सगळे उलट, त्यामुळे कापड एकीकडे ओढलं जातं. पाणी लावून ते जाणार नाही, ॲक्रिलिकमध्ये तर नाहीच. दोन-दोनच्या काठात ही ओढ एकमेकींना तोलते. तळाशी 2 सेंमी पुरे. टाके घालताना दोन सुया एकत्र धरून घाला म्हणजे कडा घट्ट होणार नाही, नाहीतर बरणीच्या तळावरून चढवताना तीच नडते.

उंची मात्र सुईवर मोजू नका. कापड आडवं ताणलं की उभं आखडतं. मधूनमधून बरणीला गुंडाळून, ताणून बघा.

धागातपासणी

आता सविस्तर. मी कापड तपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे हा विषय मला हलका वाटत नाही.

ॲक्रिलिक जळताना आधी मऊ पडतं, वितळतं आणि पेटलेले थेंब खाली पडतात. ते कातडीला चिकटतात, पुसून निघत नाहीत. ज्योत थेट लागायची गरजच नाही. बरणीतली गरम हवा वरच्या तोंडातून बाहेर पडते आणि नेमकी तिथेच तुमच्या कव्हरची कड आणि नाडी असणार. गॅलरीत वाऱ्याने ज्योत एका बाजूला झुकली की काचही एकाच बाजूला तापते. लोणच्याची बरणी साध्या काचेची असते, प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रासारखी बोरोसिलिकेटची नाही. अशी काच असमान तापली की तडकते. वरून लोकरीचं वेष्टन, म्हणजे उष्णता आतच कोंडणार. पणतीचं तर तेल सांडतं, आणि तेल प्यायलेली लोकर म्हणजे वातच.

तुम्ही स्वतः जपाल. पण वाण एकदा दिलं की कोणाच्या घरी कुठे ठेवलं जाईल, शेजारी पडदा असेल का, हे आपल्या हातात नाही.

उबदार_गोधडी

शुद्ध मेंढीची लोकर वापरली तर? ती पेटत नाही असं ऐकलंय.

धागातपासणी

पेटते, पण उशिरा, आणि ज्योत बाजूला केली की बहुतेक वेळा आपोआप विझते. कारण असं की लोकर जळत राहायला हवेत साधारण 25 टक्के प्राणवायू लागतो आणि आपल्या हवेत तो 21 टक्के असतो. सूत आणि ॲक्रिलिक यांना 18च्या आसपास पुरतो, म्हणून ती जळत राहतात. तेव्हा शुद्ध लोकर नक्कीच बरी. पण म्हणून तिच्या आत ज्योत ठेवायला हरकत नाही, असं मी कोणालाही सांगणार नाही. काच तडकायचा धोका तसाच राहतो.

लोकर शुद्ध आहे का हे बघायचं असेल तर एक बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या सिंकवर जाळा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिकची कडक काळी गोळी होते. सुताला कागद जळल्याचा वास येतो.

लुकलुक

आत बॅटरीवरचा एलईडी घ्या. फक्त एक बघा ताई. बाजारात ज्या छोट्या एलईडी मेणबत्त्या मिळतात, त्यांत बहुतेक वेळा नाण्यासारखा सेल असतो, सीआर 2032. 20 मिमी रुंद, चकचकीत, लहान मुलाने तोंडात घालावा असाच. हळदीकुंकवाला बायका मुलांना घेऊन येतात, त्याच दिवसांत घरोघरी बोरन्हाणं असतात, जमिनीवर पडलेलं उचलून खायचं हेच तर त्यांना शिकवलेलं असतं. हा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. तेव्हा सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारंच घ्या, नुसतं सरकवायचं नको.

त्यापेक्षा तांब्याच्या बारीक तारेवरची एलईडी माळ चांगली. फक्त तिची पेटी पेन्सिल सेलची आहे ना, हे बघून घ्या. पेटी बरणीच्या झाकणाला आतून दुहेरी टेपने चिकटवायची आणि माळ खाली सोडायची. झाकण लागतं, धूळ जात नाही. रंग वॉर्म व्हाइट मागा, साधा पांढरा लोकरीवर निळसर दिसतो.

विणकरीण_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. धागातपासणी ताई, एलईडीच घेणार, हे पक्कं. प्रत्येक कंदिलाला 'आत ज्योत लावू नये' अशी चिठ्ठीही बांधणार आहे.

58 टाक्यांवर काठ विणून झाला. बरणीला असा काही धरून बसलाय की बघत राहावं! उजेडासाठी मला येते ती जाळी घेतली: दोरा पुढे (त्याने एक टाका वाढतो आणि तिथे भोक पडतं), दोन जोडीने सुलट, आणि मागची सुई सगळी उलट. उजेड छान येतोय, पण कापड तिरकं चाललंय. बाजूची शिवण बरणीभोवती वळत जाईल असं दिसतं. कोणाला उपाय माहीत आहे का?

नेरूळची_मावशी

अगं, तिरकं जाणारच. दोन टाके जोडीने सुलट विणले की वरचा टाका उजवीकडे झुकतो. प्रत्येक वेळी तीच जोड घेतलीस की सगळं कापड त्या अंगाला कलतं. एका सुईला उजवी जोड आणि पुढच्या जाळीच्या सुईला डावी जोड घ्यायची, म्हणजे हिशेब फिटतो.

तुझ्या 58 टाक्यांवर अशी विण. पहिली सुई: 1 सुलट, मग दोरा पुढे आणि 2 जोडीने सुलट, हे शेवटी एक टाका उरेपर्यंत, शेवटचा सुलट. दुसरी सुई सगळी उलट. तिसरी सुई: 1 सुलट, मग डावी जोड आणि दोरा पुढे, हे तसंच शेवटपर्यंत, शेवटचा सुलट. चौथी सगळी उलट. या चार सुया परत परत. डावी जोड म्हणजे एक टाका न विणता उजव्या सुईवर घ्यायचा, पुढचा सुलट विणायचा आणि न विणलेला त्याच्यावरून ओढून सोडायचा. प्रत्येक जाळीच्या सुईनंतर टाके मोज. 58 भरले नाहीत तर कुठेतरी दोरा पुढे घ्यायचा राहिलाय, आणि ते लगेच सापडतं, चार सुया वर गेल्यावर सापडत नाही.

काळा रंग सोडू नकोस. काळ्या धाग्यातून उजेड येणार नाही हे खरं, पण जाळीच्या भोकांतून येतो, आणि काळ्यावर ती भोकं जास्तच उठून दिसतात. बरणीच्या आत बटर पेपरची गुंडाळी सरकव आणि माळ तिच्या आत सोड. मग तारेवरचे सुटे दिवे डोळ्यात खुपत नाहीत, सगळी भोकं सारखी उजळतात. आत एलईडी आहे म्हणून कागद सांगतेय, हे लक्षात ठेव.

हलव्याच्या दाण्यांसाठी जाळीच्या मध्ये चार सुया भरीव विणून घे. त्या पट्टीवर विणून झाल्यानंतर पांढऱ्या लोकरीने गाठीचा टाका भर. सुईला तीन वेढे दिलेस की गाठ फुगीर येते, आणि तिला हलव्याच्या काट्यासारखा खरबरीतपणाही येतो. विणतानाच दाणे काढता येतात, पण वीस बरण्यांना ते करत बसलीस तर रथसप्तमीसुद्धा उलटून जाईल.

गळ्याशी आलीस की दोन-दोनच्या काठाच्या चार सुया विण. मग एक सुई 2 सुलट, दोरा पुढे, 2 जोडीने, अशी शेवटपर्यंत, शेवटी 2 सुलट. चौदा भोकं पडतील. त्यावर आणखी चार सुया काठ आणि सैल हाताने टाके बंद. क्रोशाच्या साखळीची नाडी ओवून, परकराची नाडी बांधतात तशी गळ्याखाली बांध. झाकणाच्या आट्यांवर लोकर येऊ देऊ नकोस, नाहीतर झाकण लागायचं नाही. आणि या लोकरीला गरम इस्त्री अजिबात लावू नकोस, जाळी लोळागोळा होते. बरणीवर चढली की ती आपोआप ताणून बसते.

विणकरीण_ठाणे

मावशी, शिवण सरळ आली! बटर पेपरने तर कमालच झाली, भोकन्‌भोक दिसतंय. दाणे भरायला आमच्या मजल्यावरच्या दोघी बसणार आहेत. वजन केलं, एका कव्हरला 18 ग्रॅम लोकर लागली. वीस बरण्यांना 360 ग्रॅम, म्हणजे 400 ग्रॅम आणून ठेवते. काळ्याच्या छटा लॉटप्रमाणे बदलतात, तेव्हा एकाच लॉटची मागेन.

उबदार_गोधडी

लोणच्याचा वास कसा घालवलात?

विणकरीण_ठाणे

काच दोन-तीन दिवस उन्हात ठेवली की जातो. वास झाकणाच्या आतल्या रबरी थरात राहतो, तिथे खायचा सोडा ओला करून रात्रभर लावून ठेवला. लेबलाचा चिकटा खोबरेल तेलाने निघतो, पण नंतर साबणाने नीट धुवा.

टाकेमोज, शेवटचं एक विचारते. कॉफीच्या बरण्यांचा घेर 22 सेंमी आहे. लोकर, सुया त्याच.

टाकेमोज

22 मधून 2.2 गेले की 19.8, त्याचे 47 ते 48 टाके. चारच्या पटीत अधिक दोन हवेत, म्हणजे 46 किंवा 50. 46 मध्ये शिवणीनंतर 44 राहतील आणि जाळी फारच ताणली जाईल. 50 घाला. नाडीची भोकं मग बारा येतील.