रसभरी आणि चिरबोटी

'चिरबोटी म्हणजे रानात उगवलेली रसभरीच, खत-पाणी दिलं की फळ मोठं होतं' असं कुणी म्हणतं, ते काही पटत नाही. गोत्र एकच, फायसॅलिस, पण जाती दोन. रसभरी (फायसॅलिस पेरुव्हियाना) मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली. आपल्या बांधावर पावसाळ्यात आपोआप येते ती चिरबोटी किंवा रानपोपटी, फायसॅलिस मिनिमा.

फळ धरायच्या आधीही फरक कळतो. पान चिमटीत धरून बघा. रसभरीचं मखमलीसारखं लवदार, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं. चिरबोटीचं पातळ, बरंचसं गुळगुळीत. फूलही बघा: रसभरीच्या पिवळ्या फुलाच्या घशात जांभळट-तपकिरी पाच ठसठशीत डाग असतात, चिरबोटीचं फूल बारकं नि फिकट. फुगीर टरफल मात्र दोघींना. लहानपणी आम्ही चिरबोटीची टरफलं कपाळावर आपटून फटकन फोडायचो, आतलं वाटाण्याएवढं फळ तोंडात. पण आजी खाली गळलेलीच खाऊ द्यायची, झाडावरची हिरवी नाही. ते बरोबरच होतं, कच्च्या फळात विषारी द्रव्यं असतात. रसभरीलाही हाच नियम.