लिथुआनियातील शिक्षकांचा ठिय्या: संवाद फसला की संघटनेने हट्ट केला?

धागाकर्ता: लिथुआनियात १ सप्टेंबर २०१८ पासून शिक्षकांच्या वेतनाची पद्धत बदलली. तासिकांवर आधारलेल्या पगाराऐवजी तासिका, त्यांची पूर्वतयारी आणि शाळेची इतर कामे मिळून एक पद धरले जाऊ लागले. कल्पना वाईट नव्हती. पण कोणत्या कामाचे किती तास धरायचे, यावर शाळाशाळांत वाद पेटले. नोव्हेंबरमध्ये आंद्रियुस नवित्स्कास यांच्या शिक्षक संघटनेने संप पुकारला आणि महिनाअखेरीस शिक्षक व्हिल्निअसमधील शिक्षण मंत्रालयातच पथाऱ्या पसरून मुक्कामाला राहिले. डिसेंबरमध्ये शिक्षणमंत्री युर्गिता पेत्राउस्किएने यांना पद सोडावे लागले. सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद तिथे १९९५ पासून आहे. तरीही फरशीवर झोपल्याशिवाय शिक्षकांचे ऐकले जात नसेल, तर त्या संवादाला अर्थ काय? माझ्या मते संपकऱ्यांचेच बरोबर होते.

मध्यममार्गी: असहमत. इतर संघटना चर्चेच्या टेबलाशी टिकून होत्या, त्यांचे काय? एका संघटनेने वेगळी चूल मांडायची, इमारत अडवायची आणि सरकारने तिच्यापुढे नमायचे, असे झाले की सबुरीने बोलणी करणारा सभासदांच्या नजरेत मूर्ख ठरतो. शिवाय मंत्री गेल्याने प्रश्न मिटला का? २०२३ मध्ये तीच संघटना पुन्हा संपावर गेली.

जुना_शिक्षक: टेबलाशी टिकण्याचे एवढे कौतुक नको. सोव्हिएत काळात मुख्याध्यापक आणि शिक्षक एकाच संघटनेचे सभासद असत, वर्गणी पगारातून जाई आणि बदल्यात आरोग्यधामाच्या सवलतीच्या चिठ्ठ्या मिळत. भांडण्यासाठी ती संघटना नव्हतीच. ज्यांनी हे पाहिले आहे, त्यांना मंत्रालयाशी गोडीने वागणाऱ्या नेत्याचा संशय येतो, आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

मध्यममार्गी: तो संशय तीस वर्षांनंतरही वापरत राहणे ही सोय झाली. आजच्या कराराची चिकित्सा आजच्या कलमांवर करा.

हिशेबनीस: दोघेही चुकीच्या दाराशी उभे आहात. तिथल्या बहुतेक सरकारी शाळा नगरपालिकांच्या आहेत, वेतनाचे नियम राष्ट्रीय कायद्याने ठरतात आणि प्रत्यक्ष तास वाटतो मुख्याध्यापक. म्हणजे मंत्री करार करणार, अंमल तिसऱ्याच्या हाती, आणि तो सांगणार की पैसे वरून आले नाहीत. त्यात लोकसंख्या १९९० च्या सुमारास सुमारे ३७ लाख होती, ती आता २८-२९ लाखांच्या आसपास आहे. विद्यार्थी घटले, शाळा बंद पडल्या किंवा एकत्र झाल्या, म्हणून प्रत्येक तासिका जणू वडिलोपार्जित जमिनीसारखी वाटून घ्यावी लागते. खरा तंटा शाळेच्या पातळीवर आहे. जुलै २०१७ पासूनच्या कामगार संहितेप्रमाणे २० वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी साधारणपणे निवडलेली कर्मचारी परिषद असावी लागते. कार्यभाराचे वाटप आधी तिच्यापुढे का ठेवू नये?

धागाकर्ता: कारण ती परिषद मत मांडू शकते, संप करू शकत नाही. सामूहिक करार आणि संपाचा अधिकार संघटनेकडेच आहे. मात्र नगरपालिकांना वगळून मंत्रालयाशी केलेला करार अपुरा राहतो, हे मान्य. पुढच्या वाटाघाटीत त्यांची सही असावी, आणि नसेल तर ठिय्या त्यांच्या कचेरीत द्यावा.

मध्यममार्गी: सहीपर्यंत सहमत. ठिय्याला माझा विरोध कायम आहे.