इआन्टोची भिंत

काही जण विचारतात, काल्पनिक पात्र मेलं म्हणून एवढा गळा काढायचा कशाला? ‘टॉर्चवुड’ या ब्रिटिश सायफाय (विज्ञानकथा) मालिकेतल्या इआन्टो जोन्सचं बघा. जुलै २००९, बीबीसीवर सलग पाच रात्री पाच भाग. चौथ्या भागात परग्रहवासी इमारतीत विषाणू सोडतात आणि हा त्याच्या टीमचा प्रमुख आणि प्रियकर कॅप्टन जॅकच्या मिठीत जीव सोडतो. जॅक अमर, त्यामुळे तो थोड्या वेळानं पुन्हा उठतो! खरी जखम तिथे आहे. शिवाय पडद्यावर अशी पुरुष-पुरुष जोडी तेव्हा होती तरी किती?

चाहत्यांनी निषेध म्हणून बीबीसीला कॉफी पाठवली, कारण टीमला कॉफी करून देणारा हाच. वेल्समधल्या कार्डिफ शहरात ‘मर्मेड की’ (Mermaid Quay) नावाच्या धक्क्यावर, मालिकेतलं गुप्त दार जिथे दाखवलंय तिथल्या भिंतीवर फोटो, चिठ्ठ्या, फुलं लावून चक्क स्मारक झालं, आणि ते वर्षानुवर्षं टिकलं. मला हे भारी वाटतं. लेखकांना ऑनलाइन शिव्या घालणं मात्र अजिबात पटलं नाही.

बाकी, सायफायमध्ये मेला म्हणजे संपला थोडाच! २०११च्या रेडिओ नाटकात इआन्टो परत ऐकू आला, पुढे बिग फिनिश या ऑडिओ नाटकं काढणाऱ्या कंपनीच्या मालिकेतही. ज्यांना अजून हळहळ वाटते त्यांनी ते जरूर ऐका.