मदत हवी आहे : भोसरीतील लहान कामगार संघटनेची सभासदसंख्या कशी वाढवावी?

नमस्कार. भोसरी एमआयडीसीतील लहान वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या आम्हा काही कामगारांची संघटना नोंदणीच्या तयारीत आहे. कायद्याप्रमाणे आस्थापनेतील किंवा त्या उद्योगातील किमान 10 टक्के अथवा 100 कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे आणि कोणत्याही परिस्थितीत निदान 7 सभासद लागतात. ती अट आम्ही पूर्ण करू; पण कागदावर संघटना उभी राहणे आणि तिच्यामागे माणसे उभी राहणे यांत फार अंतर आहे.

खरी अडचण भीतीची आहे. वर्गणी आनंदाने देणारा कामगारही पावती मात्र "तुमच्याकडेच राहू द्या" म्हणतो, कारण ती खिशात सापडली तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवील, ही त्याची धास्ती खोटी नाही. शिवाय मराठवाड्यातून आणि बिहारमधून आलेले अनेकजण काही महिन्यांत वर्कशॉप बदलतात, त्यामुळे जोडलेला सभासद टिकत नाही.

पुण्यात हमाल पंचायतीने आणि 1993 पासून कचरावेचकांच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने असंघटित कष्टकऱ्यांना एकत्र आणले. अशा कामाचा प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगावे : सभासदत्व वर्कशॉपऐवजी वस्तीवार नोंदवणे योग्य ठरेल का? सभासदांची नावे सुरक्षित कशी ठेवावीत? आणि घरच्या मंडळींचा व निवृत्त कामगारांचा पाठिंबा मिळवण्यास सुरुवात कुठून करावी?