८, ५ आणि ३ लिटरचे डबे: तेलाचे दोन सारखे वाटे कसे करायचे?

प्रश्न:
८ लिटरचा डबा तेलाने भरलेला, शेजारी ५ आणि ३ लिटरचे रिकामे डबे. कशावरही खुणा नाहीत. ४-४ लिटरचे वाटे हवेत. दर वेळी चार-पाचदा ओतलं की गाडी फिरून पहिल्याच जागी येते. काही नेम आहे का? आणि १२, ८, ४ च्या डब्यांनी ६-६ होतच नाही, ते का?

प्रतिसाद १:
ओतायची दिशा ठरवा आणि मोडू नका: ८ मधून ५ मध्ये, ५ मधून ३ मध्ये, ३ मधून परत ८ मध्ये. ३ चा डबा भरला की लगेच रिकामा करायचा, ५ चा संपला की लगेच भरायचा.

८-०-०, ३-५-०, ३-२-३, ६-२-०, ६-०-२, १-५-२, १-४-३, ४-४-०

सात ओतण्यांत झालं. तुमची गाडी बहुधा ३-२-३ वर फिरते. तिथे ५ मधले २ लिटर मोठ्या डब्यात टाकले की ५-०-३ होतं, आणि तिथे तर पहिल्याच ओतण्यात पोचता येतं. ते २ लिटर जपायचे. ६-०-२ मध्ये ३ च्या डब्यात बरोबर १ लिटरची जागा उरते. भरलेल्या ५ मधून तेवढंच जातं आणि ४ राहतात. सगळी गंमत या एका ओतण्यात आहे!

प्रतिसाद २:
याचा हिशेब ५×२ − ३×२ = ४. म्हणजे ५ चा डबा दोनदा भरला, ३ चा दोनदा रिकामा केला. उलट दिशेने ३×३ − ५ = ४, पण त्याला आठ ओतणी लागतात.
१२, ८, ४ मध्ये सगळीच मापं ४ च्या पटीतली. कितीही ओता, प्रत्येक डब्यात ४ ची पटच राहणार. ६ कुठून येणार? आधी मसावि काढावा.

प्रश्नकर्ता:
मुलांना खऱ्या डब्यांनी दाखवायचंय. पाणी चालेल?

प्रतिसाद ३:
पाणीच घ्या, तेल डब्याला आतून चिकटून राहतं. पण काठापर्यंत भरू नका. ३ चा डबा काठोकाठ ३.१ लिटर धरत असेल, तर चूक दोनदा मोजली जाते: ५ मध्ये ३.८ आणि मोठ्यात ४.२. उलट दिशेने तीच चूक तिप्पट होऊन ४.३ आणि ३.७. आधी १ लिटरच्या मापाने पाणी ओतून प्रत्येक डब्यावर एकच रेघ मारा. ‘भरला’ म्हणजे त्या रेघेपर्यंत.