मदत हवी आहे : व्होल्टेज कमी होते म्हणजे नेमके काय घटते?

सप्रेम नमस्कार. गुहागरजवळ आमचे नारळी-पोफळीचे लहानसे आगर असून तेथील विहिरीवर एक अश्वशक्तीचा पंप आहे. पंप बंद असताना मीटरपाशी २२५ व्होल्ट दिसतात. तो सुरू करताच पंपाच्या टोकाला जेमतेम १८५ उरतात आणि मोटर गुरगुरत तापते.

व्होल्टेज म्हणजे दोन बिंदूंमधील विद्युतदाबाचा फरक आणि १ व्होल्ट म्हणजे दर कूलोम प्रभारामागे १ ज्यूल ऊर्जा, एवढे वाचून समजले. उंचावरच्या टाकीतील पाण्याची उपमाही पटते. मात्र शेजारचे काका "वीजच कमी येते" असे म्हणतात, तेथे माझा गोंधळ होतो, कारण दाब घटल्यावर भाराखालील मोटर उलट जास्त प्रवाह ओढते.

प्रवाह गुणिले तारेचा रोध एवढा दाब वाटेतच खर्च होत असेल, तर पंप चालू ठेवून मीटरपाशी आणि पंपापाशी मोजलेल्या आकड्यांतील फरक हा आमच्या जुन्या, बारीक वायरचा दोष मानावा काय, आणि दाब मुळात मीटरपाशीच कोसळत असल्यास जाड वायर टाकण्याचा खर्च व्यर्थ ठरेल काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. (मोजणी वायरमनकडूनच करून घेणार आहे.)